डोस सांगितलास, आता किंमत सांग



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला औषधशास्त्र शिकवलं. तोंडी परीक्षेत त्यांची एक खोड होती. औषधाचं नाव विचारायचे, काम विचारायचे, डोस विचारायचे. पोरगा धडाधड उत्तरं देऊन सुटकेचा श्वास टाकणार तेवढ्यात चष्म्यावरून बघत म्हणायचे, "डोस सांगितलास, आता किंमत सांग." किंमत पुस्तकात नसायची. ती माहीत करून घ्यायला नागपूरच्या गांधीबागेतल्या दवाबाजारात जावं लागे. आम्हाला वाटायचं, म्हातारा छळतो. आज यकृताच्या कर्करोगावरच्या औषधांबद्दल बोलायचं ठरवलं आणि टिपणं काढायला बसलो, तर प्रत्येक औषधापाशी तोच प्रश्न आडवा आला.

आधी अवयवाची ओळख करून घेऊ. मटणाच्या दुकानात आपण कलेजी मागतो, तेव्हा खाटीक न चुकता यकृतच देतो. पण 'वाघाचं काळीज' म्हणताना आपला हात जातो छातीच्या डाव्या बाजूला. भाषेनं यकृताचं नाव उचलून हृदयाला दिलं आणि खऱ्या काळजाला संस्कृत नावाचं पागोटं घालून उजव्या बरगड्यांखाली बसवून ठेवलं. ते बिचारं तक्रार करत नाही. अर्धंअधिक खराब झालं तरी उरलेल्या भागावर संसार रेटतं. त्याचा हा सोशिकपणाच आपल्या जिवावर उठतो, कारण तक्रार येते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आणखी एक घोळ मिटवतो. "त्यांचा कॅन्सर लिव्हरला गेला" असं आपण म्हणतो, तेव्हा तो बहुतेकदा आतड्याचा, स्तनाचा किंवा दुसरीकडचा असतो आणि यकृतात नुसता मुक्कामाला आलेला असतो. मी बोलतोय तो यकृताच्या स्वतःच्या पेशींतून उगवणारा कर्करोग. तो क्वचितच निरोगी जमिनीत उगवतो. बी किंवा सी जातीच्या काविळीचा विषाणू, वर्षानुवर्षांची दारू, मधुमेह आणि वजनासोबत येणारी यकृतातली चरबी, बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांतलं अफ्लाटॉक्सिन, यांतलं काहीतरी आधी यकृत पोखरतं. बहुतेकदा ते निबर, गाठाळ होतं. त्यालाच डॉक्टर सिरोसिस म्हणतात. गाठ उठते ती या पडक्या वाड्यात. म्हणून या रुग्णाला एकाच वेळी दोन आजार असतात: गाठ, आणि गाठीभोवतीचं खचलेलं यकृत. औषधाला लढायचं असतं पहिल्याशी, पण उभं राहायचं असतं दुसऱ्याच्या जमिनीवर.

गाठ लहान असताना सापडली तर औषधांची पाळीच येऊ नये. कापून काढता येते, सुई घालून जाळता येते, किंवा यकृत बदलता येतं. प्रत्यारोपणासाठी मिलानच्या शल्यचिकित्सकांनी १९९६ मध्ये एक मोजपट्टी दिली: एकच गाठ असेल तर ५ सेंटीमीटरपर्यंत, तीन असतील तर प्रत्येक ३ सेंटीमीटरपर्यंत. जगभर आजही तिचाच आधार घेतात. गाठ याहून मोठी पण यकृतातच असेल, तर मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी यकृतापर्यंत नेऊन गाठीची रक्तवाहिनी औषधासकट बुजवतात. याला टेस म्हणतात. ही युक्ती चालते ती निसर्गाच्या एका सोयीमुळे. निरोगी यकृताला बहुतेक रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून मिळतं, गाठ मात्र धमनीवर पोसते. धमनी बंद केली की गाठ उपाशी राहते आणि यकृत तगून जातं.

आणि हे सगळं हातून निसटलं की उरतात औषधं.

नेहमीची केमोथेरपी इथे फारशी चालली नाही. यकृताचं कामच मुळी विष निकामी करणं; त्याच्यापासून निपजलेल्या पेशी ते वळण विसरत नाहीत, औषध बाहेर फेकून देतात. आणि डोस वाढवावा, तर खचलेलं यकृत आधी कोसळतं. कित्येक वर्षं असंच गेलं. मग सोराफेनिब नावाची गोळी आली. पेशीला 'वाढ, वाढ' असा आतून जो निरोप जातो तो ती अडवते, शिवाय गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही. २००८ मध्ये तिची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. गोळीविना रुग्ण सरासरी ७.९ महिने जगले, गोळी घेणारे १०.७. फरक पावणेतीन महिन्यांचा. आशियातल्या रुग्णांवर वेगळी चाचणी झाली, तिथे ४.२ विरुद्ध ६.५. हे आकडे ऐकून इथे काही भुवया वर गेल्या. माझीही गेली होती. पण ज्या आजारात पानभर शून्यं लिहिली होती, तिथे हा पहिला आकडा होता.

आता सरांचा प्रश्न. दिवसाला चार गोळ्या, महिन्याला १२०. भारतात बायर कंपनीच्या सोराफेनिबची, म्हणजे नेक्साव्हारची, किंमत होती महिन्याला २,८०,४२८ रुपये. एका गोळीला २,३०० रुपयांहून जास्त. सोयाबीनच्या एका हंगामात कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात काय उरतं, हे या सभागृहाला मी सांगायला नको.

इथून पुढची गोष्ट मला कोणत्याही रेणूपेक्षा जास्त आवडते. आपला १९७० चा पेटंट कायदा औषध बनवण्याच्या पद्धतीवर हक्क देत होता, खुद्द औषधावर देत नव्हता. त्यावरच आपला औषधउद्योग वाढला. जागतिक व्यापार करारामुळे २००५ पासून औषधावरही पेटंट द्यावं लागलं. पण त्याच कायद्यात कलम ८४ शिल्लक होतं: पेटंट मिळून तीन वर्षं झाली आणि वस्तू लोकांना रास्त दरात मिळत नाही, पुरेशी मिळत नाही किंवा देशात तिचा वापर होत नाही असं दिसलं, तर दुसऱ्याला ती बनवण्याचा सक्तीचा परवाना देता येतो. सोराफेनिबचं पेटंट २००८ च्या मार्चमध्ये मिळालेलं. हैदराबादच्या नॅटको कंपनीनं २०११ मध्ये अर्ज केला. मुंबईच्या पेटंट कार्यालयात सुनावणी झाली आणि ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी परवाना दिला. कंपनीचं औषध पात्र रुग्णांपैकी जेमतेम दोन टक्क्यांपर्यंत पोचत होतं, हे त्यांनी निकालात नोंदवलं. नॅटकोची किंमत ठरली महिन्याला ८,८०० रुपये. गोळीला ७३ रुपये. बायरला विक्रीवर ६ टक्के स्वामित्वधन, आणि वर्षाला ६०० गरजू रुग्णांना औषध फुकट, अशाही अटी होत्या.

बायर लढली. न्यायमूर्ती प्रभा श्रीदेवन यांच्या अध्यक्षतेखालच्या अपील मंडळानं मार्च २०१३ मध्ये परवाना कायम ठेवला, स्वामित्वधन ७ टक्के केलं. मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०१४ मध्ये तेच म्हटलं, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं याचिका फेटाळली. मधल्या काळात मुंबईच्या सिप्लानं आपल्या सोराफेनिबची किंमत नॅटकोच्याही खाली आणली. बायरचे तेव्हाचे प्रमुख मारिन डेकर्स एका चर्चेत बोलून गेले होते की हे औषध आम्ही भारतीयांसाठी बनवलेलं नाही, ज्या पाश्चात्त्य रुग्णांना परवडतं त्यांच्यासाठी बनवलंय. पुढे त्यांनी खुलासा केला. पण बोललेला शब्द आणि सुटलेला बाण यांची गत एकच.

कंपनीचीही एक बाजू आहे आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. एक औषध बाजारात येतं तेव्हा त्यामागे डझनावारी फसलेली असतात, आणि त्या फसलेल्यांचा खर्च यशस्वी औषधाच्या कपाळी येतो. पण मग हा खर्च नेमका कुणाच्या खिशातून काढायचा, हे ठरवताना हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्याला आणि बर्लिनच्या विमाधारकाला एकच पावती का फाडायची, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

नकाशावरची एक गंमत सांगतो. नॅटकोचा कर्करोगाच्या औषधांचा कारखाना हैदराबादच्या दक्षिणेला कोथूरला आहे, राष्ट्रीय महामार्ग ४४ वर. तोच रस्ता उत्तरेला चढत आदिलाबाद, पांढरकवडा, हिंगणघाट करत वर्धा रोडनं नागपुरात शिरतो, नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट असलेल्या जामठ्यावरून. म्हणजे भारतातल्या पहिल्या सक्तीच्या परवान्याचं औषध आणि त्याची वाट बघणारा रुग्ण एकाच रस्त्याच्या दोन टोकांना होते. मधलं अंतर एका रात्रीचं. किंमत कमी व्हायला चार वर्षं लागली.

गोळी स्वस्त झाली म्हणजे सोपी झाली असं नाही. सोराफेनिबनं तळहात आणि तळपाय लाल होतात, सोलवटतात, भेगा पडतात. माझी एक रुग्ण कापूस वेचायला जायची. बोंडाच्या कडा किती धारदार असतात ते वेचणाऱ्यालाच ठाऊक. चौथ्या आठवड्यात ती गोळ्या बंद करून बसली आणि आम्हाला सांगितलंही नाही, कारण तिला वाटलं हा त्रास रोगाचाच. डोस अर्धा केला, युरियाचं मलम दिलं, महिनाभर वेचणीला जाऊ नको म्हटलं. तिसरी गोष्ट तिनं ऐकली नाही. दिवाळीच्या तोंडावर कोण ऐकणार?

त्यानंतर गोळ्यांची रांगच लागली. दहा वर्षांनी २०१८ मध्ये लेन्व्हाटिनिबनं सोराफेनिबच्या तोडीस तोड आकडे दाखवले, १३.६ विरुद्ध १२.३ महिने. तिचा डोस वजनावर ठरतो: ६० किलो आणि त्यावर १२ मिलिग्रॅम, त्याखाली ८. आपल्याकडचे अनेक रुग्ण दुसऱ्या गटात बसतात, म्हणून खर्चही तेवढा उतरतो. कुपोषणानं कुणाचं भलं केल्याचं हे बहुधा एकमेव उदाहरण असेल, आणि त्यावर हसायला माझं मन होत नाही. पहिली गोळी चालेनाशी झाली की रेगोराफेनिब, काबोझान्टिनिब. आणि अल्फा-फीटोप्रोटीन नावाची रक्तातली खूण ४०० च्या वर असेल तर रामुसिरुमॅबची इंजेक्शनं. यांवर मी थांबत नाही. प्रत्येकीनं महिना-दोन महिने, फार तर तीन वाढवले.

खरी उलथापालथ झाली २०२० मध्ये, आणि ती वेगळ्याच कल्पनेतून. आपल्या शरीरातल्या पांढऱ्या पेशी पोलिसांसारख्या फिरत असतात. त्यांनी वाटेल त्याला झोडपू नये म्हणून त्यांच्यावर लगाम असतात. गाठ लबाड असते. ती तोच लगाम ओढून धरते आणि पोलीस समोर असूनही उभेच राहतात. अ‍ॅटेझोलिझुमॅब हे इंजेक्शन तो लगाम सोडवतं. जोडीला बेव्हासिझुमॅब देतात, ते गाठीच्या रक्तवाहिन्या मोडतं. दर तीन आठवड्यांनी शिरेतून. या जोडीनं सोराफेनिबला सरळ मात दिली: १९.२ महिने विरुद्ध १३.४. अमेरिकेत मे २०२० मध्ये मान्यता मिळाली, आणि बारा वर्षं पहिल्या क्रमांकावर असलेली गोळी दुसऱ्या रांगेत गेली.

मग ट्रेमेलिमुमॅबचा एकच मोठा डोस आणि पुढे दर महिन्याला डुर्व्हालुमॅब, ही दुसरी जोडी २०२२ मध्ये आली. इथे मला महिन्यांपेक्षा दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो. पाच वर्षांनी या जोडीवरचे जवळजवळ २० टक्के रुग्ण जिवंत होते. सोराफेनिबवरचे ९ टक्क्यांच्या थोडे वर. पाचातला एक! मी विद्यार्थी असतो आणि परीक्षेत असं उत्तर दिलं असतं, तर सरांनी मला परत वर्गात बसवलं असतं. २०२५ मध्ये निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब या जोडीलाही अमेरिकेत मान्यता मिळाली, तिथे सरासरी २३.७ महिने.

यांचे त्रास वेगळ्या जातीचे. लगाम सुटलेले पोलीस कधी घरच्यांवरच काठी उगारतात. थायरॉइड बसते, आतडं सुजतं, फुप्फुस सुजतं, कधी यकृतच सुजतं. बेव्हासिझुमॅबनं रक्तस्राव होऊ शकतो, आणि सिरोसिसच्या रुग्णाच्या अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा आधीच असतात. म्हणून इंजेक्शनाआधी दुर्बीण घालून त्या बघाव्या लागतात, गरज असेल तर रबरी कड्या लावून बांधाव्या लागतात. ज्याचं यकृत बदललंय त्याला तर हा सगळा प्रकार फार जपून, कारण जागे झालेले पोलीस आधी दुसऱ्याच्या यकृतावर तुटून पडतात.

आणि आता पुन्हा सर. किंमत सांग.

इथे कलम ८४ ची कहाणी अडखळते. सोराफेनिब हा लहान, प्रयोगशाळेत जुळवता येणारा रेणू. चांगला रसायनज्ञ त्याची नक्कल करतो. ही इंजेक्शनं म्हणजे प्रतिपिंड, ते मात्र जिवंत पेशींच्या कारखान्यात तयार होतात. परवाना मिळाला तरी पेशी स्वतः घडवाव्या लागतात, मूळ औषधाशी साम्य सिद्ध करावं लागतं, चाचण्या कराव्या लागतात. त्यात वर्षं जातात. बेव्हासिझुमॅबच्या भारतीय आवृत्त्या आल्या आणि अ‍ॅटेझोलिझुमॅबसोबतच्या जोडीतला निम्मा भार हलका झाला. उरलेला निम्मा तसाच आहे. २०२४ च्या जुलैमधल्या अर्थसंकल्पात डुर्व्हालुमॅबवरचं आयातशुल्क माफ झालं. स्वागत आहे, पण मूळ आकडाच डोंगराएवढा असेल तर शुल्क काढून टेकडी होत नाही. नेक्साव्हारच्या निकालाबद्दल आपण अभिमान बाळगतो, तोही रास्त आहे. तरी त्यानंतर आजवर कलम ८४ खाली दुसरा परवाना निघालेला नाही. एकेक अर्ज आला, एकेक फेटाळला गेला. आपण गोळीची लढाई जिंकलो. तेवढ्यात औषध सुईत गेलं.

तोवर मधल्या वाटा शोधणारी मंडळी आपल्याकडे आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं डोकं-मान-घशाच्या कर्करोगात निव्होलुमॅबचा नेहमीच्या डोसाच्या दहाव्या हिश्शाहून कमी, म्हणजे तीन आठवड्यांत फक्त २० मिलिग्रॅमचा डोस स्वस्त गोळ्यांसोबत देऊन पाहिला. वर्षभरानं जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ वर गेलं. २०२२ मध्ये हे छापून आलं. ते जसंच्या तसं यकृताला लावू नका. यकृतावर चाचणी करूनच ते ठरायला हवं. पण डोस परदेशातून आला म्हणजे तो वेदवाक्य नव्हे, हे विचारण्याचं धाडस मला मोलाचं वाटतं. सरांना फार आवडलं असतं.

येऊ घातलेल्या औषधांबद्दल लोक मला सर्वांत जास्त विचारतात, आणि मी सर्वांत कमी बोलतो. टेससोबत ही इंजेक्शनं दिली तर गाठ पुन्हा वाढायला जास्त वेळ लागतो, हे चाचण्यांत दिसलंय. शस्त्रक्रियेनंतर रोग परतू नये म्हणून अ‍ॅटेझोलिझुमॅबची जोडी दिली, तेव्हा २०२३ मध्ये मोठी आशा वाटली होती. पुढचे आकडे आले आणि ती विरली. गाठीवर ग्लायपिकॅन-३ नावाचं प्रथिन असतं, ते ओळखून मारणाऱ्या पेशी रुग्णाच्याच रक्तातून तयार करण्याचे प्रयोग चालू आहेत. प्रत्येक रुग्णाच्या गाठीप्रमाणे वेगळी लस शिवून देण्याचा एक प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला: ३६ रुग्ण, त्यातल्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास लोकांत गाठी आक्रसल्या. ३६ जणांवर घर बांधू नये. पण पाया खणायला हरकत नाही.

आता मी जे टाळत आलो ते बोलतो. मी आतापर्यंत जेवढे महिने सांगितले, ते जवळजवळ सगळे एका ठरावीक रुग्णाचे आहेत. यकृताची ताकद मोजायला चाइल्ड-प्यू नावाची एक गुणपत्रिका आहे: बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटातलं पाणी, आणि मेंदूवरचा परिणाम. या चाचण्यांत घेतलेले रुग्ण प्रामुख्यानं तिच्या 'ए' वर्गातले, म्हणजे यकृत अजून सावरलेलं असलेले. नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या बाकड्यावर बालाघाटहून, गडचिरोलीहून, आर्णीहून जो माणूस येऊन बसतो, त्याचे डोळे पिवळे असतात, पोट पाण्यानं ताणलेलं असतं, पाय सुजलेले असतात. तो 'सी' वर्गातला असतो. जगातली सर्वांत महाग जोडी फुकट मिळाली तरी मी त्याला देऊ शकत नाही. तो येईपर्यंत कुठे होता? बहुतेकदा कावीळ उतरवत होता. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पाणी पिवळं झालेलं बघत होता, गळ्यातली माळ लांब होताना बघत होता. मी त्याला हसत नाही. माझ्या आजीनंही मला ती माळ घातली होती, आणि ए जातीची कावीळ होती म्हणून मी आपोआप बराही झालो. श्रेय माळेला गेलं. बी आणि सी त्या माळेत सापडत नाहीत.

म्हणून यकृताच्या कर्करोगावरचं सर्वांत चांगलं औषध कोणतं, असं मला विचाराल तर मी कर्करोगाचं औषध सांगणार नाही. बी विषाणू बारूख ब्लमबर्ग यांच्या १९६० च्या दशकातल्या शोधातून सापडला, त्यांना १९७६ चं नोबेल मिळालं. लस निघाली. तैवाननं १९८४ मध्ये नवजात बाळांना ती सुरू केली आणि पुढे मुलांमधला यकृताचा कर्करोग घटला. कर्करोग टाळणारी ही पहिली लस. तीही सुरुवातीला आयात होती आणि महाग. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं ती देशात बनवली आणि भाव कोसळले. २०११ पर्यंत ती आपल्या सरकारी लसीकरणात देशभर पोचली. पहिली मात्रा जन्मल्यापासून २४ तासांच्या आत. सी विषाणूवर लस नाही, पण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बहुतेकांच्या शरीरातून कायमचा जातो. त्यातल्या सोफोसबुव्हिरची अमेरिकेतली किंमत होती एका कोर्सला ८४,००० डॉलर. भारतात २०१४ नंतर परवान्यानं ती बनू लागली, आणि जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यांत फुकट आहेत. विदर्भात सिकलसेलमुळे वारंवार रक्त घ्यावं लागणारी कुटुंबं आहेत, त्यांनी तर ही तपासणी चुकवूच नये. आणि ज्यांना सिरोसिस आहे असं कळलंय, त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. गाठ दोन सेंटीमीटरची असताना सापडली, तर आज मी ज्या इंजेक्शनांची नावं अडखळत उच्चारली त्यांतलं एकही तुम्हाला पाठ करावं लागणार नाही.

बी ची तपासणी म्हणजे बोटातून थेंबभर रक्त आणि पंधरा-वीस मिनिटं. सरांची किंमत विचारायची सवय मला अजून आहे, म्हणून इथे येण्याआधी ती विचारून आलो. सरकारी दवाखान्यात शून्य रुपये. बाहेर एका प्रयोगशाळेत विचारली, तर काउंटरवरच्या मुलीनं आकडा सांगण्याआधी मलाच विचारलं, "काका, कशाला पाहिजे? तुम्हाला काही झालंय का?"